ज्याच्या हाती ओगराळं

वर आकडा, मधे उभा दांडा, खाली वाटी. ओगराळं म्हणजे एवढंच. झाऱ्याला भोकं असतात, उलथन्याला धार असते, पळी फोडणीत तडतडून सगळ्या घराचं लक्ष वेधून घेते. ओगराळ्याला यातली कुठलीच हौस नाही. ते बादलीत सरळ उतरतं, सरळ वर येतं, घेतलेलं समोरच्या पानात रितं करतं आणि आकड्यानं पुन्हा काठाला लटकून राहतं. पूर्वी ते पितळेचं असे, आतून कल्हई केलेलं. मग ॲल्युमिनियमचं आलं, आता स्टीलचं आहे. धातू बदलत गेला, घाट मात्र कुणी बदलला नाही, कारण बदलण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

शिजवणं हे त्याचं काम नव्हे. आचारी त्याला चुलीजवळ फिरकू देत नाही. भातवाढणं, डाव, मोठा झारा ही त्याची माणसं. चूल विझली आणि टोप उतरला की ओगराळ्याची पाळी सुरू होते. पण खानावळ चालली का बुडाली, लग्नात यजमानाची अब्रू राहिली का गेली, कँटीनच्या ठेकेदाराला महिन्याअखेर चार पैसे सुटले का नाही, याचा निकाल आचाऱ्यापेक्षा तेच लावतं.

हिशेब करून बघा. वीस लिटर आमटी आहे. ओगराळं शंभर मिलिलिटरचं असेल तर दोनशे माणसं जेवतात. तेच एकशेवीसचं असेल तर एकशे सहासष्टाव्या माणसानंतर टोप खरवडावा लागतो. मधल्या चौतीस जणांचं काय करायचं? हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना हाच धडा ‘पोर्शन कंट्रोल’ या नावाखाली शिकवतात. आपल्याकडे तो शिकवत नाहीत. ‘हात सढळ आहे’ किंवा ‘हात आखडता घेतोय’ एवढंच म्हणतात आणि चौतीस जणांची सोय आमटीत पाणी ओतून करतात.

आता पाण्याचं म्हणाल, तर आमच्या भागात तेही बऱ्यापैकी जांभूळचंच. अंबरनाथ तालुक्यातलं हे गाव नकाशात शोधावं लागतं, पण एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र इथं आहे. बारवी धरणाचं पाणी उल्हास नदीतून उचलून इथं शुद्ध होतं आणि उल्हासनगरच्या घरांत, औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत, पार ठाण्याच्या दिशेनं जातं. गावापासून कुठल्याही बाजूनं निघा, माणसांना जेवू घालण्याचा एक वेगळा धंदा भेटतो: अंबरनाथला कारखान्यांची कँटीनं, उल्हासनगरला दाल-पकवानच्या गाड्या, बदलापूरला स्टेशनाबाहेरची पोळी-भाजी केंद्रं, आणि मधल्या गावांत हळदी, सप्ताह, भंडारे. सगळीकडे ओगराळं एकच. ते कुणाच्या हातात आहे, एवढाच काय तो फरक.

हळदीपासूनच सुरुवात करू, कारण या पट्ट्यातल्या आगरी-कुणबी गावांत लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी. मांडवामागे मटणाचा टोप उतरतो आणि यजमानाला पहिला प्रश्न पडतो तो टोपाशी कुणाला उभं करायचं हा. भात वाढायला गल्लीतली पोरं चालतात. पाणी तर कुणीही वाटेल. मटणाच्या ओगराळ्याला मात्र भाऊबंदांतला जाणता माणूसच लागतो. ओगराळं तळाशी नेलं की फोडी येतात, वरच्यावर फिरवलं की नुसती तर्री. बघणाऱ्याला दोन्ही वेळा ओगराळं काठोकाठ भरलेलंच दिसतं. पुढे आलेला माणूस नवरीकडचा सोयरा आहे, का याआधीच दोनदा जेवून गेलेला गावातला टोणगा, हे मनगट वळायच्या आत ओळखावं लागतं. यजमान लांबूनच सांगतो, ‘‘पावन्यांना बग रं.’’ हुकूम एवढाच. त्यावर टोपाशी उभा असलेला दादा मान हलवतो आणि ओगराळं खोल जातं.

हा माणूस कुठल्याही कॉलेजात गेलेला नसतो. पण किती किलो मटणाला किती माणसं, पहिल्या तासात किती टोप उतरवायचा, रात्री उशिरा येणाऱ्या बँडवाल्यांसाठी किती झाकून ठेवायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. टोप संपत आला की ओगराळं तळाला घासतं आणि त्याचा आवाज बदलतो. दादाला तो गर्दीतही ऐकू येतो. पोरगा धाडून तो भाताची परात पुढे करायला लावतो, म्हणजे रांग हळू सरकते आणि दुसरा टोप गरम व्हायला वेळ मिळतो.

गावात सप्ताह बसला की नेमकी उलटी तऱ्हा. महाप्रसादाच्या आमटीला आपपरभाव नसतो. तिथं वाढणारी पोरं इतकी उत्साहात असतात की मागण्याआधीच वाढून मोकळी होतात. डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळं, आणि पंगतीतून पळत सुटायचं. नाही म्हणायला माणूस पानावर आडवा हात धरतो, तर आमटी हातावर पडते. या जेवणाला मालक नाही आणि गिऱ्हाईकही नाही. शिधा वर्गणीतून आलेला, आचारी वर्षानुवर्षांचा ठरलेला, म्हणून व्यवस्थापन नावाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पण ती असते. मंडळाचे दोन म्हातारे कोठीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले असतात. गूळ, तेल, डाळ त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. ओगराळं कितीही उधळं असलं तरी कोठीची किल्ली कंबरेला असते.

पंगत गेली आणि बुफे आला, तेव्हा ओगराळं पहिल्यांदाच पाहुण्याच्या हातात पडलं. केटररला हे परवडणारं नव्हतं. पंगतीत आग्रह असला तरी वाढपी त्याचा होता. बुफेत पाहुणा स्वतःच वाढून घेणार आणि पैसे ताटावर ठरलेले. धंद्यातल्या माणसांनी यावर मोठ्या शहाणपणाने तोड काढली. टेबलाच्या तोंडाशी सलाड, पापड, भाताचे दोन प्रकार, म्हणजे ताट तिथंच अर्धं भरतं. पनीर शेवटी, आणि तिथं टोपी घातलेला एक मुलगा उभा. तो अदबीनं वाढतो. अदबीचा पगार त्याला ओगराळं पाहुण्याच्या हाती जाऊ नये म्हणून मिळतो. डाळीला मोठं ओगराळं, काजूच्या भाजीला छोटं. यजमानाला वाटतं आपण मोकळेपणा दिला. रात्री मागच्या बाजूला केटररचा माणूस खरकटी ताटं मोजत असतो आणि यजमानाचा मेव्हणा त्याच्या शेजारी उभा राहून तीच ताटं स्वतःही मोजत असतो. मला विचाराल तर बुफेमधलं सगळ्यात खरं दृश्य तेच.

खानावळीत ओगराळं मालकिणीच्या हातात असतं आणि ती ते दुसऱ्याच्या हातात देत नाही. पोळ्या लाटायला बाई असेल, भांड्याला पोरगा असेल, पण आमटी-भाजी मावशीच वाढणार. पैसे आगाऊ घेतलेले. कोण दोन ओगराळी आमटी भुरकतो, कोण भातच खात नाही, कुणाला रविवारच्या गोडाचं वेड आहे, हे तिला पाठ असतं. जास्त खाणाऱ्याचा तोटा ती कमी खाणाऱ्याच्या ताटातून भरून काढते, आणि दोघांनाही वाटतं की मावशी आपल्यालाच जास्त वाढते. खाड्यांची वही हे तिचं दुसरं हत्यार. आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा धरणार, नाही सांगितलं तर जेवण शिजलं म्हणजे जेवलात. त्यावरून गिऱ्हाइकं कुरकुरतात. पण वीस माणसांचा स्वयंपाक करून बारा आली तर उरलेल्या आठांचा भात दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन किती वेळा खपवणार? खाडा आधी सांगायला लावणं म्हणजे उद्या किती तांदूळ भिजवायचा, हे आजच कळून घेणं. मोठमोठी हॉटेलं याच कामाला संगणक लावतात.

या बायकांचं काम धंदा म्हणून कुणी फार काळ धरलंच नव्हतं. गिरणगावात चाळीच्या खोलीत दहा-वीस गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या हजारो खानावळवाल्या होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यात त्या पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना एकत्र केलं आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. पुढे १९८२ चा गिरणी संप आला आणि ताटापुढं बसणारा माणूसच हटला. उपनगरातल्या, आमच्याकडच्या खानावळी त्यानंतर वेगळ्या वळणानं वाढल्या. इथं पाटावर बसणारा माणूस गिरणीतला नव्हे, औषध आणि रसायन कंपन्यांतला, पुष्कळदा कंत्राटी, खोलीत चौघं मिळून राहणारा. तो महिना लावतो आणि नोकरी सुटली की न सांगता जातो. म्हणून आता मावशीही महिन्याऐवजी पंधरवड्याचे पैसे घेते.

कारखान्यात पाऊल टाकलं की ओगराळ्याला कायदा भेटतो. विम्कोची काडेपेटी आणि धरमसी मोरारजीची रसायनं ज्या अंबरनाथनं बनवली, तिथं कँटीन ही जुनी गोष्ट. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ ने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथं कँटीन देण्याची सोय केली. नव्या कामगार संहितेत तो आकडा शंभरावर आला आहे. महाराष्ट्राच्या नियमांत जेवणाची खोली एका वेळच्या कामगारांपैकी निदान तीस टक्के बसतील एवढी असावी, जेवण ना नफा ना तोटा तत्त्वावर द्यावं, असं बारकाईनं लिहिलेलं आहे. जागेचं भाडं, इंधन, वीज, भांडीकुंडी हा खर्च मालकानं सोसायचा, तो ताटाच्या किमतीत धरायचा नाही. आणि एक कँटीन कमिटी हवी, मालकानं नेमलेले आणि कामगारांनी निवडलेले समसमान. कमिटीनं कशावर बोलायचं? पदार्थांची यादी, जेवणाच्या वेळा, अन्नाचा दर्जा आणि अन्नाचं प्रमाण. म्हणजे ओगराळं केवढं असावं हा इथं बैठकीच्या अजेंड्यावरचा विषय आहे, आणि त्यावरून खरोखर भांडणं होतात. ठेकेदार बदलला की पहिल्या आठवड्यात कामगारांची नजर भाजीवर नसते, ओगराळ्यावर असते. जुनं ओगराळं वापरून वापरून तळाशी चेपलेलं असतं. चेपा आत गेला की आत माल कमी मावतो आणि वरून काही कळत नाही. युनियनचा एखादा मुरलेला प्रतिनिधी बैठकीत असं ओगराळं टेबलावर ठेवतो, शेजारी मोजमापाचा ग्लास ठेवतो आणि पाणी ओतायला लावतो. पुढचं भाषण करायची त्याला गरज पडत नाही.

कँटीनचा खरा शत्रू मात्र घड्याळ. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात हात धुणं, रांग, जेवण, ताट ठेवणं आणि जमलं तर गेटबाहेर जाऊन येणं. म्हणून खाचांचं स्टीलचं ताट, म्हणून काउंटरच्या मागे चौघं ओळीनं, प्रत्येकाकडे एकच पदार्थ. आमटीवाल्यानं प्रत्येक बुडीला ओगराळं तळातून एकदा फिरवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या शंभरांना पाणी आणि शेवटच्या शंभरांना गोळा मिळतो. मग काठाला एकदा टेकवायचं, म्हणजे थेंब ताटाबाहेर सांडत नाहीत. मग भाताच्या बाजूनं कलतं ओतायचं, वरून नाही, वरून ओतलं की शेजारच्या खाचेतली भाजी पोहायला लागते. ही तीन कामं चार सेकंदांत झाली तर रांग चालते. नव्या मुलाला आमटीवर ठेवत नाहीत. त्याला आधी पापडावर ठेवतात.

रात्रपाळीचं ओगराळं वेगळंच. माणसं थोडी, आणि स्वयंपाक संध्याकाळीच झालेला. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार गरम वाढायचं अन्न साठ अंशांच्या वर राखायचं. त्यासाठी गरम पाण्यावर ठेवलेली भांडी असतात. ओगराळं मात्र बाहेर बशीत गार पडून असतं आणि दर वेळी गार अंगानंच आमटीत उतरतं. चांगला सुपरवायझर रात्री पहिल्यांदा आमटीत बोट घालत नाही, ओगराळं कुठं ठेवलंय ते बघतो.

आणि मग येतो शुक्रवार. जांभूळच्या केंद्रात किंवा वाहिनीवर दुरुस्ती निघाली की एमआयडीसी पाणी बंद ठेवते, आणि ते पुष्कळदा गुरुवारी मध्यरात्रीपासून शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत. वर्तमानपत्रातली ती चौकट उल्हासनगरच्या गृहिणींच्या बरोबरीनं कँटीनचे ठेकेदारही वाचतात. पाणी बंद म्हणजे शिजवायला पाणी साठवता येतं, पण पाचशे ताटं धुवायला कुठून आणणार? त्या दिवशी फळ्यावर पुलाव किंवा पाव-उसळ लागते आणि कागदी ताटं निघतात. वरणभाताशिवाय जेवलो असं न वाटणारी माणसं कुरकुरत जेवतात. ओगराळी खुंटीवर लटकतात, कारण धुवायचं भांडं जितकं कमी तितकं बरं. कारखाना चालवणाऱ्या साहेबाला आपलं कँटीन पाण्याच्या वेळापत्रकावर चालतं हे वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. ठेकेदाराला ते पहिल्याच महिन्यात कळतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ओगराळ्यामागे आकडे उभे असतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. डाळ वीस आणि तीस ग्रॅम. लहानग्यांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, मोठ्यांना ७०० आणि २० ग्रॅम. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, शंभरापर्यंत दोन. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं आणि मोठ्या माणसांनी चव घ्यायची, असा दंडक. कागदावर सगळं चोख. पण कच्चे शंभर ग्रॅम शिजल्यावर किती होतात, हे तांदळावर आणि पाण्यावर ठरतं, आणि वाढणाऱ्या ताईला ग्रॅम दिसत नाहीत, मुलं दिसतात. ती एक ओगराळं खिचडी घालते. मग ताट तसंच पुढे धरून उभ्या राहिलेल्या एखाद्याला, ज्याच्या घरी सकाळी चूल पेटलेली नसते, त्याला न विचारता आणखी अर्धं घालते. नोंदवहीत त्या अर्ध्यासाठी रकाना नाही. तो असू नये असंच मला वाटतं, कारण रकाना आला की चौकशी येईल.

सरकारनं दुसरीकडे ग्रॅममध्येच बोलायचं ठरवलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅमची भाताची मूद, शंभर ग्रॅम वरण. शहरात ताटामागे पन्नास रुपये आणि ग्रामीण भागात पस्तीस धरलेले, वरचा फरक अनुदानातून. जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर. त्याआधी १९९५ ला एका रुपयात झुणका-भाकर आली होती, पण भाकरीत ओगराळ्याला कामच नव्हतं. शिवभोजनात ते आहे, फक्त केंद्रचालकाला दोन बाजू सांभाळाव्या लागतात. समोर भुकेला माणूस, मागे अनुदानाचं बिल.

उल्हासनगरात कॅम्पातल्या दाल-पकवानच्या गाडीवर हा सगळा विचार कुणी करत नाही. फाळणीनंतर इथं वसलेल्या सिंधी माणसांची ही सकाळची न्याहारी: कुरकुरीत पकवान, त्यावर मऊ चणाडाळ, चिंचेची आणि हिरवी चटणी, कांदा. पकवान मोजून. डाळ मागाल तर अनेक गाड्यांवर थोडी आणखी मिळते. डाळ स्वस्त, तळण महाग, एवढंच त्यामागचं अर्थशास्त्र, आणि तरी माणूस ‘अजून थोडी’ मिळाल्याच्या खुशीत उठतो.

बदलापूर स्टेशनाबाहेर संध्याकाळी लोकल रिकामी होते तेव्हा ओगराळं गिऱ्हाइकाला दिसतही नाही. पोळी-भाजी केंद्रात ते मागच्या टेबलावर असतं. आमटीची प्लॅस्टिकची गोल डबी पुढे आली आणि प्रमाण ओगराळ्याकडून डबीकडे गेलं. डबी अडीचशे मिलिलिटरची, झाकण दाबून बसलं पाहिजे, त्यापेक्षा थेंबही जास्त मावत नाही. फोनवरून ऑर्डर घेणाऱ्या नुसत्या पार्सलच्या किचनांमध्येही हेच. तिथं समोर माणूसच नसतो, तर हात सढळ सोडायचा कुणासाठी? अडीच ओगराळी, झाकण, चिकटपट्टी, पुढचा. हिशेब एकदम बरोबर लागतो. केंद्र चालवणाऱ्या बचत गटाच्या बायकांना हे आवडतं, कारण महिनाअखेरी डाळीचा आणि डब्यांचा मेळ बसतो.

पण नेहमीची बाई आली, जिची लोकल लेट झाली आहे आणि घरी सासरे जेवायचे थांबले आहेत, की डबी बंद झाल्यावरही मागची बाई एक छोटी पिशवी उघडते, त्यात वरचं एक ओगराळं ओतते, गाठ मारते आणि म्हणते, ‘‘ताई, ही वेगळी धरा, गरम आहे.’’